सात नंबरचा पलंग

आमच्या मिस्त्रींना मी नऊ वर्षांत चार वेळा हसताना पाहिलं. त्यातल्या दोन वेळा मी वॉकरमध्ये पाय अडकून पडले होते. माणूस वाईट नाही, चेहराच तसा आहे. त्यातून त्या चेहऱ्याला हसण्यासारखं फारसं काही मिळालंही नाही. आधी त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, तीस वर्षं चाललेलं. रस्ता रुंद झाला, दुकान रस्त्यात गेलं, आणि हे हवा भरायचा पंप आणि पान्यांची पेटी घेऊन आमच्या संस्थेत आले. तेव्हापासून इथेच आहेत.

संस्था हा शब्द ऐकून कुणी मोठं काही डोळ्यांसमोर आणू नये. नगरपालिकेच्या जुन्या पाणीपट्टी कार्यालयातल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एवढाच आमचा पसारा. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, एक कपाट आणि लोकांना टेकायला बाक. आतल्या खोलीत चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या. घरात कुणाचं हाड मोडलं, कुणी अंथरुणाला खिळलं की लोक येतात, वहीत नाव लिहितात आणि लागेल ती वस्तू घेऊन जातात. गरज संपली की परत आणून देतात. भाडं घेत नाही.

सगळ्यात जास्त मागणी हँडलच्या पलंगाला. दवाखान्यात असतो तसला लोखंडी पलंग. पायाशी हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते आणि आजारी माणूस बसता होतो. अंथरुणावरच्या माणसाला दिवसातून आठ वेळा काखेत हात घालून ज्याने उचललंय, त्यालाच त्या हँडलची किंमत कळते. असे बारा पलंग आमच्याकडे आहेत. आहेत म्हणजे वहीत आहेत. खोलीत एकही सापडायचा नाही, बाराच्या बारा बाहेर.

मी इथली चिटणीस. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले, आणि घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा हे बरं म्हणून इकडे आले. सुनेचंही तेच मत होतं. पहिल्याच महिन्यात मी उत्साहाने वही तपासली, वर्ष उलटून गेलं तरी परत न आलेल्या वस्तूंची यादी काढली आणि सगळ्यांना स्मरणपत्रं लिहून तयार ठेवली. मिस्त्री एका खुर्चीच्या चाकाच्या तारा आवळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, त्या घरात माणूस अजून श्वास घेतोय, आणि आपण पत्र टाकायचं, पलंग कधी देता? म्हणजे नक्की काय विचारायचं?"

मी ती पत्रं फाडून टाकली. तेव्हापासून आमच्याकडे ती रीतच पडली. मागायला जायचं नाही. वस्तू येईल तेव्हा येईल, आणि आली की का आली ते विचारायचं नाही. फक्त तारीख लिहायची आणि पुसायला घ्यायची.

सहा वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि गिळणंही बिघडलं. आडवं पडून घास घेतला की ठसका लागायचा, तो थेट जिवावर बेतायचा. बसवूनच भरवायचं, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. आमचा सात नंबरचा पलंग तेव्हा स्क्रू झिजून कोपऱ्यात पडला होता, भंगारात काढायचं चाललं होतं. मीच म्हटलं, "दुरुस्त करा आणि घेऊन जा घरी." मिस्त्री दोन आठवडे त्याच्याशी झटले. पलंग उभा राहिल्यावर त्यांनी वहीत रीतसर स्वतःचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सही केली. वहिनी तेव्हापासून त्या पलंगावर होत्या.

आता अनुदानाचं सांगते. दर वर्षी नगरपालिका शहरातल्या छोट्या संस्थांना थोडंथोडं अनुदान देते. मिस्त्रींचा तुटपुंजा पगार, वीज, सुटे भाग, सगळं त्यातूनच. आमच्या दोन खोल्याही त्याच कागदाला बांधलेल्या. अनुदान थांबलं की खोल्यांना कुलूप. मग दोनशे वस्तू न्यायच्या कुठे, माझ्या सुनेच्या बैठकीच्या खोलीत? म्हणून दर वर्षी मी बावीस पानांचा अर्ज भरते आणि दर वर्षी म्हणते की हा शेवटचा.

गेल्या वर्षी त्या अर्जात एक नवा रकाना आला. 'वाढीव अनुदानाची गरज असल्यास समर्थन करा.' इतक्या वर्षांत आम्हाला कुणी असं काही विचारलंच नव्हतं. मला वाटलं, संधी आहे, चार नवे पलंग पदरात पाडून घेऊ. मी चांगलं दीड पान भरून लिहिलं. पलंगासाठी चौदा जण यादीत थांबलेले आहेत, एकेकाला सात-सात महिने लागतात, काही पलंग वर्षानुवर्षं एकाच घरी असतात कारण गरजच तेवढी असते. खाली सगळ्या तारखा दिल्या. पोरांना मीच शिकवत असे ना, उत्तरासोबत रीत दाखवा, रीतीला गुण असतात.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दीड महिन्याने पत्र आलं. नव्या पलंगांबद्दल चकार शब्द नव्हता. लिहिलं होतं की संस्थेने वस्तू फिरत्या ठेवलेल्या दिसत नाहीत. यापुढे कोणतीही वस्तू एका घरी बारा महिन्यांपेक्षा जास्त राहता कामा नये. प्रत्यक्ष तपासणीत तसं आढळल्यास संस्था अनुदानास अपात्र ठरेल. तपासणीला तीन आठवडे होते.

मी अनुदान विभागात गेले. तिथल्या मॅडम माझ्या सुनेच्या वयाच्या. टेबलावर फायलींची अशी रास की मला आधी त्यांचं कपाळच दिसलं. दुपारचे तीन वाजले होते आणि डबा तसाच बंद होता. भांडायची तयारी करून गेले होते, पण त्या बाईकडे बघून निम्मा जोर तिथेच संपला.

"तुमचं काम चांगलं आहे हो, मला माहीत आहे," त्या मान चोळत म्हणाल्या. "पण एकशे चाळीस संस्था आहेत आणि पैसे पुरतात साठांना. समितीला कुणाचं तरी नाव कापायचंच असतं. कारण शोधतच असतात ते. तुम्ही ते लिहूनच दिलंत."

"अहो, पण आजारी माणूस बारा महिन्यांत बरं होतंच असं कुठे आहे?"

"डॉक्टरांची चिठ्ठी आणा, आणखी एक वर्ष वाढवून देता येईल. त्यापुढे नाही." त्यांनी माझाच अर्ज उलटून बोट ठेवलं. "हा सात नंबरचा सहा वर्षं कुणाकडे आहे?"

मी सांगितलं. खोटं बोलायला सुचलंच नाही, हा माझा दोष जुना आहे. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे समितीसमोर जाऊ देऊ नका. संस्थेचाच नोकर, चौदा जण थांबलेले असताना पलंग सहा वर्षं स्वतःच्या घरी ठेवून बसलाय, असंच वाचतील ते. मला कळतंय कसं आहे ते. पण वाचतील असंच."

परत येताना मला स्वतःच्या अक्षराचाही राग येत होता. इतकं सुवाच्य लिहायची काय गरज होती?

मिस्त्री कुणाकडे मागायला जाणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हणून मीच निघाले. वर्षावर बाहेर असलेल्या अठरा वस्तू होत्या. दोन आठवडे मी जिने चढले आणि उतरले. एका घरी आमची चाकाची खुर्ची गॅलरीत होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते. दुसरीकडे वॉकरवर कारल्याचा वेल चढवला होता. कारली तोडून घेतल्यावर देते म्हणाल्या, आणि खरंच चार दिवसांनी वॉकर आणि पिशवीभर कारली घेऊन आल्या. एका गृहस्थांनी कुबड्या परत दिल्या, त्यातली एक आमची नव्हतीच. दोन पलंग असे निघाले की माणूस केव्हाच गेलेलं होतं आणि घरच्यांना तो रिकामा पलंग हलवायचा धीर होत नव्हता. त्यातल्या एका सुनेने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात. आमच्यात कुणी म्हणतच नव्हतं." ज्यांना अजून गरज होती त्यांना दोन वर्षं झालेली नव्हती, त्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मिळाल्या. अठरापैकी सतरा निस्तरले. गुडघे मात्र कामातून गेले.

राहिला सात नंबर. मिस्त्रींना मी सगळं सांगितलं, पत्र वाचून दाखवलं. ते ऐकत होते की नाही कळेना, कारण हातात रबरी बूच होतं आणि ते वॉकरच्या पायाला बसवणं चाललं होतं.

"मी काय म्हणते," मी म्हटलं, "आपण वहीत लिहू, आज परत आला. आणि तपासणी झाली की दुसऱ्या दिवशी परत तुमच्याच नावावर लिहू. बारा महिने नव्याने सुरू. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"यादीत चौदा जण आहेत."

"माहीत आहे मला. मीच लिहून दिलंय ना जगाला."

"नावं मी लिहून घेतलीत, बाई. प्रत्येकाला मी सांगितलंय, नंबरानेच मिळेल. परवा ती पहिल्या नंबरची पोरगी पुन्हा विचारायला आलेली, बापासाठी, रडत होती. तिलाही तेच सांगितलं मी." बूच बसलं. त्यांनी वॉकर जमिनीवर ठेवून हलवून पाहिला. "आता काय सांगू, माझा नंबर आधी लागला म्हणून?"

"मग मी माझ्या पेन्शनमधून नवा घेते. वहिनींसाठी. त्यात तर कुणाचा नंबर नाही?"

"घ्या की. यादीतल्या पहिल्याला द्या."

मला इतका संताप आला की मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले. तत्त्वाची माणसं लांबून बरी दिसतात. त्यांच्यासोबत एका खोलीत बसावं लागलं की कळतं, आणि त्यांच्या घरात अंथरुणावर पडून असलेल्या माणसाचं काय होत असेल ते देव जाणे. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही! मी त्यांना तोंडावर म्हटलंही, "अहो, तुमचा हा मानीपणा वहिनींच्या जिवावर चाललाय." त्यांनी पुढचा वॉकर ओढून घेतला. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडायला आले तर दारात हातगाडी उभी होती. तिच्यावर सात नंबरचा पलंग, सुटा करून बांधलेला. मिस्त्रींनी तो एकट्याने आत नेला, जोडला, साबणाच्या पाण्याने पुसला, हँडलला तेल दिलं आणि तीनदा वरखाली करून पाहिला. मग वहीत तारीख लिहिली. मग दुसरी वही उघडली, थांबलेल्या लोकांची, आणि चौदा नावांखाली पंधरावं नाव लिहिलं. पत्ता लिहिला, आजार लिहिला. शेवटच्या रकान्यात नातं विचारलंय, तिथे लिहिलं, पत्नी.

मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तपासणीला मॅडम स्वतः आल्या, सोबत समितीचे एक सभासद. सभासदांना सर्दी झाली होती आणि घाई होती. त्यांनी वस्तू मोजल्या, वहीवर नजर फिरवली, खुर्चीत बसून एक चक्कर मारून पाहिली आणि म्हणाले, "वा, हे असं पाहिजे. बघा, मनावर घेतलं की होतं." मॅडमनी सात नंबरच्या पलंगापाशी उभं राहून दांड्यावरचा आकडा पाहिला. मग मिस्त्रींकडे पाहिलं. आणि पुढच्या वस्तूकडे वळल्या.

त्याच दुपारी पलंग यादीतल्या पहिल्या घरी गेला, त्या रडणाऱ्या मुलीच्या वडिलांकडे. परत आलेले बाकीचे दोनही गेले. पोचवायला मिस्त्रीच गेले. हँडल कसं फिरवायचं, किती उंचीला थांबायचं, भरवताना पाठीशी उशी कशी द्यायची, हे त्या मुलीला तासभर शिकवून आले म्हणे. हे मला तिनेच नंतर सांगितलं. फार कौतुक करत होती, किती बारकाईने माहीत आहे हो काकांना.

दोन महिन्यांनी अनुदान मंजूर झाल्याचं पत्र आलं. जुनीच रक्कम. मी मिस्त्रींना वाचून दाखवलं, ते "बरं झालं" म्हणाले आणि आत गेले. त्या दोन महिन्यांत ते वाळले होते. दुपारी बाकावर बसल्या-बसल्या त्यांचा डोळा लागायचा आणि हातातला पाना खाली पडायचा. चार वेळा तरी त्यांच्या घरी जावं असं मनात आलं होतं आणि चारही वेळा मी गुडघ्यांचं निमित्त केलं होतं. खरं कारण असं की मला वहिनींना तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्या दिवशी मात्र गेले, पत्र मिळाल्याचं तरी सांगता येईल म्हणून.

दार लोटलेलंच होतं. संध्याकाळचे सहा वाजले असतील. एकच खोली, भिंतीलगत लाकडी खाट. मिस्त्री खाटेवर भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसले होते. त्यांच्या पायांच्या मधे वहिनी, पाठ त्यांच्या छातीला टेकलेली, डोकं त्यांच्या हनुवटीखाली. एका हाताने त्यांनी वहिनींना कमरेशी धरून ठेवलं होतं, दुसऱ्या हातातला चमचा वाटीत तसाच राहिला होता. मिस्त्री बसल्या जागी गाढ झोपले होते. पण धरलेला हात सुटला नव्हता. वहिनींनी मला पाहिलं आणि डावं बोट ओठांवर ठेवलं.

पलंग गेल्यापासून दिवसातून चार वेळा हे असं चाललं होतं. एकेक वाटी संपायला पाऊण तास लागतो, आणि नंतर अर्धा तास आडवं करता येत नाही. गणित करायची सवय वाईट. मी उभ्या-उभ्या ते करून टाकलं आणि मग स्टुलावर बसले.

मिस्त्रींच्या हातातला चमचा मी हळूच काढून घेतला आणि भरवायला लागले. वहिनींचं बोलणं अर्ध्या तोंडाने, सावकाश येतं, पण कळतं.

"अनुदान?" त्यांनी विचारलं.

"मिळालं."

"मग झालं." दोन घास गेले. "चांगलं झालं. नाहीतर हे गेले असते कुठे?"

मी सांगितलं की चूक माझी होती, तो रकाना मी भरायलाच नको होता. त्यांनी डावा हात हलवला, जाऊ द्या अशा अर्थाने. मी वाटी खरवडत राहिले.

"माझ्या पुढे किती?"

"नऊ," मी म्हटलं. आणि त्यांना जरा बरं वाटावं म्हणून पुढे बोलले, "भराभर सरकतोय नंबर. आधी पंधरावा होता. गेल्या आठवड्यात दोन पलंग परत आले."

"दोन." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "बरी झाली का ती माणसं?"

हो म्हणायला काय जात होतं? पण मला नाही जमलं. मी चमच्याकडे बघत राहिले. वहिनींना त्यातून जे कळायचं ते कळलं.

"हे घरी येऊन सांगतात," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "आज एक कमी झाला. खूश असतात. मला मग जेवण जात नाही." त्यांना धाप लागली, मी थांबले. "माझं नाव काढा, बाई. मला नाही असं वाट बघत बसायचं. यांना सांगू नका."

मागे मिस्त्रींचा श्वास एका लयीत चालला होता आणि त्याच्याबरोबर वहिनींचं डोकं थोडंथोडं वरखाली होत होतं. मी मान हलवली. शेवटचा घास त्यांनी नीट गिळला, ठसका लागला नाही.

ती वही माझ्याच टेबलाच्या खणात असते. रोज उघडते आणि रोज मिटते. नाव खोडलं तर दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींना दिसेल, आणि नाही खोडलं तर मी एका आजारी बाईला दिलेला शब्द मोडला. काल सकाळी आणखी एक पलंग परत आला. मी तारीख लिहिली. मिस्त्री तो पुसायला बसले आणि पाठमोरेच म्हणाले, "बाई, आठ राहिले."